फायबर चौपट केलं, तरी आवाज तेवढाच: इंटरफेरोमीटरची संवेदनशीलता वाढवायची कशी?

टेस्टबे_अंबड | ३ डिसेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आहे. गेले चार महिने शिफ्ट संपली की एका प्रयोगामागे लागते, आणि आता एका जागी गाडी अडलीय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे कुठे चुकतंय ते तुम्हाला सापडेल.

तेलातल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कुठे कच्चं असलं की तिथे बारीक ठिणग्या पडायला लागतात. यालाच पार्शल डिस्चार्ज म्हणतात. प्रत्येक ठिणगीबरोबर तेलात एक टिचकीएवढा आवाज उठतो, साधारण २० ते ३०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे बहुतेक सगळा कानाच्या पलीकडचा. आम्ही टाकीला बाहेरून पिझो सेन्सर (थरथरीची वीज करणारा स्फटिक) चिकटवून तो ऐकतो. पण टाकीचा जाड पत्रा ओलांडताना आवाज बराच मरतो, आणि पिझोची वायर आजूबाजूच्या हाय व्होल्टेजचा सगळा गोंगाट उचलते. काचेच्या तंतूचं, म्हणजे ऑप्टिकल फायबरचं, विजेशी काही देणंघेणं नसतं. तो सरळ तेलात, वाइंडिंगच्या शेजारी सोडता येतो. माझा सगळा जीव त्यात गुंतलाय तो एवढ्यासाठी.

इंटरफेरोमीटर म्हणजे उजेड दोन वाटांनी नेऊन, पुन्हा एकत्र आणून, दोन वाटांतला बारीकसा फरक पकडणारं उपकरण. माझी मांडणी त्यातल्या मॅक-झेंडर पद्धतीची आहे. १५५० नॅनोमीटरचा डीएफबी लेझर. पहिल्या कपलरने उजेडाचे दोन भाग केले. एक भाग तेलातल्या कॉइलमधून जातो, दुसरा बाहेरच्या रेफरन्स कॉइलमधून. दुसऱ्या कपलरमध्ये दोघांची गाठ पडते आणि फोटोडायोडवर फ्रिंज, म्हणजे उजेडाचे चढउतार, दिसतात. एक मीटर फायबर दहा लाखांत एक भाग, म्हणजे फक्त एक मायक्रॉन ताणलं गेलं तर फेज, म्हणजे उजेडाच्या लाटेची जागा, साधारण साडेचार रेडियन सरकते. त्याच्या हजाराव्या भागाचा ताणही ऑसिलोस्कोपवर सहज दिसायला हवा.

आता अडचण. ६० मिलिमीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिक नळीवर १० मीटर फायबर गुंडाळून ती नळी तेलाच्या पिंपात उभी सोडली. ठिणगीऐवजी पेन्सिलीचं शिस वापरते. ०.५ मिलिमीटरचं, टू-एच, पिंपाच्या पत्र्यावर तिरकं टेकवायचं आणि मोडायचं. अकूस्टिक एमिशनवाल्यांची ही जुनी, खात्रीची रीत आहे. आवाज दिसला, पण बारीक. म्हणून कॉइल ४० मीटरची केली. हिशोबाने सिग्नल चौपट व्हायला हवा. झालं काय, तर शेजारच्या टेस्ट-बेवरच्या ट्रान्सफॉर्मरची १०० हर्ट्झची घरघर कितीतरी वाढली आणि शिसाचा आवाज होता तेवढाच राहिला. आता तर तो घरघरीत बुडूनच जातोय.

लांबी वाढवली की संवेदनशीलता वाढते, असं प्रत्येक पुस्तकात आहे. मग माझ्या पिंपात ती का वाढेना?

जॉइंटवाला | ४ डिसेंबर, सकाळी ७.१५

ताई, मी इंटरनेटचं फायबर टाकतो. सिडको ते पाथर्डी फाटा आपला एरिया. फिजिक्स माझा प्रांत नाही, पण एक विचारतो. तेलातलं फायबर ४० मीटर केलंत, बाहेरचं किती केलंत? तुम्ही ते लिहिलेलं नाही.

आणि फायबर कुठलं आहे? साधं जी.६५२ असेल तर त्याला ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. ६० च्या नळीवर तुम्ही बरोबर काठावर आहात. जी.६५७.ए२ घ्या, ते साडेसात मिलिमीटरपर्यंत चालतं. घराघरात टाकतो ते हेच.

टेस्टबे_अंबड | ४ डिसेंबर, सकाळी ७.५०

दादा, बाहेरचं १० मीटरच आहे. ते बदलायचं डोक्यातच आलं नाही. फायबर जी.६५२.

निवृत्त_मास्तर | ४ डिसेंबर, सकाळी ९.०५

जॉइंटवाल्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. बाई, तुमच्या दोन हातांत, म्हणजे उजेडाच्या दोन वाटांत, ३० मीटरचा फरक पडला आहे, आणि तिथे दोन गोष्टी एकदम बिघडतात.

एक, लेझरचा उजेड स्वतःशी किती अंतरापर्यंत सुसंगत राहतो याला मर्यादा असते. लाइनविड्थ, म्हणजे लेझरच्या रंगाचा पसारा, २ मेगाहर्ट्झ धरली तर फायबरमध्ये ती सुसंगती ३० मीटरच्या आसपास ओसरते. म्हणजे तुमच्या फ्रिंजचा उठाव निम्म्याच्याही खाली आला असणार. स्कोपवर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा व्होल्टेज पाहा, लगेच कळेल.

दोन, आणि ही जास्त त्रासाची. हात समान नसले की लेझरच्या रंगातली प्रत्येक थरथर फेज होऊन बाहेर पडते. एक मीटरचा फरक असेल तर लेझर सुमारे २०० मेगाहर्ट्झ सरकला की एक आख्खी फ्रिंज जाते. तुमच्या ३० मीटरला सात मेगाहर्ट्झसुद्धा पुरतात. डीएफबी लेझर तापमानाच्या एका अंशाला साधारण ०.१ नॅनोमीटर, म्हणजे बारा हजार मेगाहर्ट्झहून जास्त सरकतो. आता अंशाच्या हजाराव्या भागाने काय होत असेल याचा हिशोब तुम्हीच करा. तुम्ही तेलाचा आवाज ऐकायला बसलात आणि ऐकताय लेझरचं कण्हणं.

आधी दोन्ही हात सेंटिमीटरच्या आत सारखे करा. मग गोंगाट पायरीपायरीने मोजा. लेझर बंद ठेवून फक्त इलेक्ट्रॉनिक्सचा किती. लेझर चालू आणि कॉइल टेबलावर, तेव्हा किती. कॉइल तेलात, तेव्हा किती. हे तीन आकडे हातात नसताना संवेदनशीलता वाढवायला जाणं म्हणजे अंधारात सुई शोधणं. मी एकतीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो. उपकरणाला किती कमी ऐकू येतं हे सिग्नलच्या उंचीवर ठरत नाही, सिग्नल आणि गोंगाट यांच्या प्रमाणावर ठरतं.

अजून एक. दुसऱ्या कपलरच्या दोन तोंडांपैकी तुम्ही एकच वापरताय असं दिसतं. दुसऱ्यावरही फोटोडायोड लावा आणि दोघांची वजाबाकी करा. एकीकडे उजेड वाढतो तेव्हा दुसरीकडे कमी होतो, म्हणून सिग्नल दुप्पट होतो. लेझरच्या तेजातला चढउतार मात्र दोन्हीकडे सारखाच असतो, तो वजा होऊन जातो.

शेवटचं_वर्ष | ४ डिसेंबर, दुपारी १.३०

सर, मी ईएनटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक बेसिक शंका. लेक्चरमध्ये सांगतात की इंटरफेरोमीटर क्वाड्रेचरला ठेवायचा. का? फ्रिंजच्या माथ्यावर उजेड सगळ्यात जास्त असतो, मग तिथे का नाही ठेवायचा?

निवृत्त_मास्तर | ४ डिसेंबर, दुपारी ३.१०

कसारा घाट डोळ्यांसमोर आणा. माथ्यावर सपाटीला पोचलात की दोन पावलं पुढे-मागे झालात तरी उंची बदलत नाही. मध्यावर उतरणीला उभे असाल तर एका पावलात उंची बदललेली कळते. फ्रिंजचंही तसंच आहे. माथ्यावर आणि तळाशी उतार शून्य, तिथे फेज हलली तरी उजेड हलत नाही. माथा आणि तळ यांच्या बरोबर मध्ये उतार सर्वांत तीव्र असतो. ती जागा म्हणजे क्वाड्रेचर.

अडचण अशी की ही जागा स्थिर राहत नाही. १५५० नॅनोमीटरला एक मीटर फायबरचं तापमान एक अंशाने बदललं की फेज सुमारे ४० रेडियन सरकते, म्हणजे सहा-साडेसहा फ्रिंज. बाईंच्या ४० मीटरला हे अडीचशे फ्रिंजांच्या वर जातं. आणि आपल्याकडे डिसेंबरात दुपार आणि पहाट यांत किती अंशांचा फरक पडतो हे नाशिककरांना मी काय सांगू!

बागाईतदार_दिंडोरी | ४ डिसेंबर, रात्री ८.२०

चर्चा वाचतोय. सगळं कळलं नाही, पण शेवटच्या आकड्याने चमकलो. थोडं अवांतर आहे, माफ करा. आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. घड काढायच्या आधी मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतो. तेही उजेडाचंच काम ना? मणी न चिरडता किंवा आणखी बारकाईने मोजायला हे फायबर कामाला येईल का?

निवृत्त_मास्तर | ४ डिसेंबर, रात्री ९.००

अवांतर कसलं, विषयाला धरूनच आहे. तुमचा रिफ्रॅक्टोमीटर रसाचा अपवर्तनांक मोजतो. पाण्याचा १.३३३०, वीस ब्रिक्सच्या रसाचा १.३६३८. म्हणजे एका ब्रिक्सला साधारण ०.००१५ चा फरक. फायबर तापवून ओढून केसापेक्षा बारीक केलं की आतला उजेड थोडा काठाबाहेर पसरतो आणि भोवतालच्या रसाला शिवतो. उजेडाचा एक भाग गाभ्यातून जातो, एक काठावरून. दोघांची गाठ पडली की इंटरफेरोमीटर तयार. रस गोड झाला की फ्रिंज सरकते. मणी न चिरडता मात्र जमणार नाही, कारण रसाला शिवल्याशिवाय या उजेडाला काही कळत नाही. दर वेलीला एक मणी चिरडणं तुम्हाला महाग पडत नाही, तेव्हा हातातला रिफ्रॅक्टोमीटर सोडू नका. वायनरीच्या टाकीत आंबवण चालू असताना साखर सतत बघायची असेल तर फायबर खरं उपयोगी आहे.

शेवटचं_वर्ष | ४ डिसेंबर, रात्री ९.२५

सर, इथे व्हर्नियर इफेक्ट वापरता येईल ना? हल्लीच्या पेपरांत सगळीकडे तोच आहे. संवेदनशीलता दहापट, वीसपट.

निवृत्त_मास्तर | ४ डिसेंबर, रात्री १०.१०

वापरता येईल, पण आधी त्याचा अर्थ नीट समजून घे. वर्कशॉपमध्ये व्हर्नियर कॅलिपर धरला असशील. मुख्य पट्टीवरचे ४९ भाग व्हर्नियरच्या ५० भागांएवढे, म्हणून ०.०२ मिलिमीटर वाचता येतं. इथेही दोन इंटरफेरोमीटर घ्यायचे, त्यांच्या फ्रिंजमधलं अंतर किंचित वेगळं ठेवायचं. एकाचं १ नॅनोमीटर, दुसऱ्याचं १.१. दोन्ही एकावर एक पडले की एक मोठं, संथ आवरण तयार होतं. एक फ्रिंज थोडी सरकली की ते आवरण दहा-अकरापट सरकतं.

आता यातली मेख. आवरण जितकं जास्त सरकतं तितकंच ते रुंदही असतं. रुंद, बोथट शिखराचा माथा नेमका कुठे आहे हे ठरवताना चूकही वाढते. तुझ्या स्पेक्ट्रोमीटरची वाचनक्षमता हीच अडचण असेल तर व्हर्नियरने खरा फायदा होतो. गोंगाट लेझरचा किंवा तापमानाचा असेल तर तोही सिग्नलबरोबर दहापट होतो आणि पदरात काही पडत नाही. पेपरात 'दहापट' वाचलंस की पहिला प्रश्न हा विचार: गोंगाट किती पट झाला?

पिकोकुलोंब | ५ डिसेंबर, सकाळी १०.४५

मी वीस वर्षं पार्शल डिस्चार्ज मोजतोय. स्पष्ट लिहितो. गिऱ्हाइकाला रिपोर्टात पिकोकुलोंबचा, म्हणजे ठिणगीतल्या विद्युतभाराचा, आकडा लागतो, आयईसी ६०२७० या मानकाप्रमाणे मोजलेला. आवाजावरून तो आकडा काढता येत नाही. ठिणगी वाइंडिंगच्या आत खोल असेल तर आवाज बाहेर येईपर्यंत अर्धा मरतो, मोठी ठिणगी लहान वाटते. मग एवढी मेहनत कशासाठी?

टेस्टबे_अंबड | ५ डिसेंबर, रात्री १०.३०

पिकोकुलोंब सर, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. रिपोर्टातला आकडा विजेच्या मोजणीतूनच यायला हवा. मला हवंय ते दुसरंच. डिस्चार्ज आहे हे आकडा सांगतो, तो कुठे आहे हे सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एक जॉब टेस्टमध्ये नापास झाला. आकडा स्पष्ट होता, जागा सापडेना. शेवटी तेल काढून तीनही फेजच्या कॉइल उघडल्या. आठ दिवस गेले, आणि दोष निघाला एका लीडच्या टेपिंगमध्ये. तेव्हा वाटलं, तेलातच तीन-चार कान असते तर आवाज कुठल्या कानाला आधी आला यावरून बाजू तरी कळली असती. तेलात आवाज सेकंदाला साधारण १४०० मीटर जातो. दहा सेंटिमीटरच्या फरकाला सत्तर मायक्रोसेकंद मिळतात. तेवढं तर स्कोपवर आरामात दिसतं.

आता आजची खबर. जॉइंटवाला दादा संध्याकाळी स्वतः मशीन घेऊन शेडवर आले. मी त्यांचे हात बघत होते. स्ट्रिपरने वरचं कोटिंग एका झटक्यात काढलं, टिशूवर आयसोप्रोपिल टाकून तंतू पुसला. तो चिर्र असा आवाज करेपर्यंत पुसला, त्याशिवाय तो स्वच्छ झाला असं ते मानत नाहीत. क्लीव्हरने टोक तोडलं, तुटलेला तुकडा टेपवर चिकटवून डबीत टाकला. स्प्लायसरच्या पडद्यावर दोन्ही टोकं समोरासमोर सरकत आली, एक निळसर चमक झाली, आणि आकडा आला ०.०२ डीबी. 'ताई, ०.०५ आला असता तर पुन्हा तोडला असता,' म्हणाले.

रेफरन्सही ४० मीटर केला, लांबी सेंटिमीटरच्या आत जुळवली. मास्तर, तुमचं खरं ठरलं. फ्रिंजचा उठाव लगेच वाढला आणि टेबलावरचा गोंगाट कितीतरी खाली आला. दोन डायोडची वजाबाकी केल्यावर आणखी खाली. घरघर आता हिशोबाप्रमाणे बरोबर चौपट आहे. शिसाचा आवाज स्वच्छ दिसतो, पण उंचीला अजूनही १० मीटरच्या कॉइलएवढाच. मूळ प्रश्न तिथेच आहे.

निवृत्त_मास्तर | ६ डिसेंबर, सकाळी ६.३०

रात्रभर हाच विचार चालू होता. उत्तर तुमच्याच कालच्या वाक्यात आहे. तेलात आवाज सेकंदाला १४०० मीटर जातो. १५० किलोहर्ट्झला तरंगलांबी किती आली? सव्वानऊ मिलिमीटर. आणि तुमची कॉइल ६० मिलिमीटर रुंद. ४० मीटर म्हणजे दोनशे दहाच्या वर वेढे. एकाशेजारी एक बसवले असतील तर उंची पन्नास मिलिमीटरच्या पुढे गेली असेल.

आता ही लाट बाजूने येताना कल्पना करा. कॉइलच्या एका कडेला दाब आहे, तिथून साडेचार मिलिमीटर पुढे ताण, मग पुन्हा दाब. एकाच वेढ्यात सहा-सात लाटा मावतात. उजेड सगळ्या वेढ्यांतून फिरून सगळ्यांची बेरीज घेऊन बाहेर येतो. दाब आणि ताण एकमेकांना खाऊन टाकतात. कडेने आलेल्या लाटेसाठी एका वर्तुळाचा हिशोब केला तर फार तर सहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतं. पुढचे वेढे वरच्या बाजूला चढत गेले, तिथेही तीच खाणाखाणी. १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी मात्र १४ मीटर. तिच्यापुढे आख्खी कॉइल ठिपक्याएवढी. सगळे वेढे एकाच वेळी दबतात, म्हणून ती बरोबर चौपट झाली.

तुमचं पुस्तक खोटं नाही. सेन्सर तरंगलांबीपेक्षा लहान आहे असं ते गृहीत धरून चालतं.

एक साधी परीक्षा करा. कॉइल १० मीटरची घ्या आणि आडवी करा. तिचं तोंड ज्या बाजूला शिस मोडता तिकडे ठेवा. तोंडावर आलेली लाट वर्तुळाच्या प्रत्येक बिंदूला एकाच क्षणी भेटते.

जॉइंटवाला | ६ डिसेंबर, सकाळी ८.००

सर, मग कॉइल भाकरीसारखी चपटी का नाही करायची? दोन चकत्यांमध्ये फट ठेवायची आणि थरावर थर गुंडाळायचे. फायबर कोटिंगसकट पाव मिलिमीटरचं असतं. २ मिलिमीटरच्या फटीत एका थराला आठ वेढे बसतील, सात थरांत १० मीटर झालं.

निवृत्त_मास्तर | ६ डिसेंबर, सकाळी ८.२०

याहून चांगलं मला सुचलं नसतं. जाडी २ मिलिमीटर, लाटेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. असंच करा.

आणि बाई, रेफरन्स कॉइल तेलाबाहेर ठेवू नका. तेल आणि हवा यांचं तापमान वेगळ्या चालीने बदलतं, तुमच्या फ्रिंज त्यामुळेच पळतात. ती त्याच तेलात ठेवा, पण बहिरी करून. म्हणजे हवाबंद डब्यात. तेलातून हवेत शिरताना जवळजवळ सगळा आवाज परत फिरतो. उष्णता मात्र हळूहळू आत पोचते.

टेस्टबे_अंबड | ८ डिसेंबर, रात्री ११.५५

दोन दिवसांत झालं ते सगळं लिहिते.

आधी मास्तरांची परीक्षा. १० मीटरची जुनी कॉइल नुसती आडवी करून तोंड पिंपाच्या भिंतीकडे केलं. शिस मोडलं. तोच तेल, तेच पिंप, तेच फायबर, आणि स्कोपवरचा झटका सरळ वाढला. मी पुन्हा उभी केली, तो कमी झाला. पुन्हा आडवी केली, वाढला. असं सात-आठ वेळा केलं. चार महिने जे कोडं होतं ते हातात धरून फिरवता येत होतं.

मग चपटी कॉइल. लेथवर अ‍ॅक्रिलिकच्या चकत्या काढून घेतल्या, फायबर जी.६५७.ए२ वापरलं, आणि गुंडाळायला दादांनी मदत केली. फार घट्ट गुंडाळलं की उजेड गळतो, सैल सोडलं की वेढे एकमेकांवर चढतात. तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. पहिल्या उभ्या कॉइलपेक्षा शिसाचा झटका तिपटीच्या थोडा वर आहे, आणि फायबर फक्त १० मीटर. घरघर पहिल्या १० मीटरएवढीच, म्हणजे ४० मीटरच्या मानाने पाव.

रेफरन्ससाठी घरच्या चार खणी डब्यातला एक खण घेतला. स्टीलचा, झाकण घट्ट बसतं. फायबर बाहेर काढायला दोन बारीक भोकं पाडून अ‍ॅराल्डाइटने बुजवली. डबा तरंगायला लागला, म्हणून खाली दोन जाड नट बांधले. आधी तेलाचं तापमान जरा चढलं की स्क्रीनवर फ्रिंज धावायच्या. आता त्या रांगतात.

पण रांगतात, थांबत नाहीत. आणि तिथे नवी अडचण आहे. आज वीस शिसं मोडली, त्यातली सहा दिसलीच नाहीत. त्या क्षणी फ्रिंज माथ्यावर किंवा तळाशी होती. मास्तरांचा कसारा घाट! खरी ठिणगी माझी फ्रिंज उताराला यायची वाट बघणार नाही.

शेवटचं_वर्ष | ९ डिसेंबर, सकाळी १०.००

ताई, रेफरन्स फायबर पिझोच्या नळीवर गुंडाळून फीडबॅक लावला तर? फ्रिंज सरकली की पिझो तिला परत मध्यावर ओढेल.

पिकोकुलोंब | ९ डिसेंबर, सकाळी ११.२०

पिझोला व्होल्टेज द्यावं लागतं, आणि त्याची हद्द संपली की त्याला परत शून्यावर यावं लागतं. त्या क्षणी ठिणगी पडली तर चुकली. शिवाय टाकीजवळ पुन्हा वायर आणणार. ज्या कारणासाठी फायबर घेतलं तेच कारण गेलं. तीन तोंडी कपलर वापरा. आणि जागा शोधण्याबद्दल ताई म्हणतात ते मला पटलं आहे. आमच्याकडेही टाक्या उघडण्यात बरेच दिवस गेलेत.

निवृत्त_मास्तर | ९ डिसेंबर, दुपारी २.४५

पिकोकुलोंब यांच्याशी सहमत. शेवटी दोन बाय दोनच्या जागी तीन बाय तीन कपलर लावा. त्याच्या तीन तोंडांवरच्या फ्रिंज एकमेकींपासून १२० अंशांवर असतात. एक माथ्यावर असली तरी उरलेल्या दोन उतारावर असतातच. तिन्ही डायोडचे आकडे घेऊन फेज गणिताने परत मिळवायची.

इथे एक गोष्ट काळजीपूर्वक करा. फिल्टर डायोडच्या सिग्नलवर लावू नका. आधी फेज काढा, मग त्या फेजवर १०० ते २०० किलोहर्ट्झचा फिल्टर लावा. घरघर मोठी असली तर उजेड फ्रिंजमागून फ्रिंज उलटत जातो आणि तुमचा बारीक झटका त्यात गुंतून पडतो. फेज काढल्यावर घरघर आणि झटका नुसती बेरीज होऊन राहतात, ती सहज सोडवता येते.

उजेडाची ध्रुवणदिशाही फायबरमध्ये भटकते, आणि दोन हातांच्या दिशा काटकोनात आल्या तर फ्रिंज मावळतात. आज ना उद्या हे तुमच्या वाट्याला येईल. तेव्हा मायकेलसन मांडणीकडे वळा, दोन्ही टोकांना फॅराडे आरसे लावून. उजेड परतताना तीच भटकंती उलटी फिरवतो आणि हिशोब आपोआप मिटतो. वर उजेड कॉइलमधून दोनदा गेल्याने फेजही दुप्पट मिळते. तेव्हा करा, आज नको. एका वेळी एकच गोष्ट बदला.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतोय, गुरुत्वीय लहरी पकडणारा, ४ किलोमीटर लांब हातांचा इंटरफेरोमीटर. तिथलं कामही ऐकलंत तर हेच दिसेल. हात लांब करणं ही गोष्ट एका ओळीत सांगता येते. आरसे टांगायचे कसे, जमिनीची थरथर अडवायची कशी, लेझर शांत ठेवायचा कसा, यात माणसांची आयुष्यं जातात.

शेवटचं_वर्ष | ९ डिसेंबर, दुपारी ४.१०

ताई, फेज काढायचा कोड मी लिहून देतो. तिन्ही डायोडचे रेकॉर्ड केलेले सिग्नल पाठवा. तिन्हींचा उठाव सारखा नसणार, ते आधी जुळवून घ्यावं लागेल. संथ ड्रिफ्टमध्ये प्रत्येक डायोडची वरची आणि खालची पातळी मिळते, त्यावरूनच करतो.

टेस्टबे_अंबड | १७ डिसेंबर, सकाळी ७.४०

आत्ता शेडवरूनच लिहितेय.

तीन बाय तीन कपलर आला, काल दादांनी जोडून दिला. शेजारच्या शेडमधला पॉवर प्रेस रात्री बंद होतो, पण मी मुद्दाम पहाटे आले. गार तेलात हीटर लावला, म्हणजे तापमान चढत राहील आणि फ्रिंज हव्या तेवढ्या सरकतील. बेवरचा ट्रान्सफॉर्मरही चालू ठेवला, घरघर असू दे म्हणून. सगळं विरोधात असताना पन्नास शिसं मोडली.

पन्नासही दिसली. प्रत्येक. कोडमधून निघालेली फेजची रेघ हळूहळू वर चढतेय, तिच्यावर १०० हर्ट्झची लाट आहे, आणि फिल्टर लावला की दोन्ही जाऊन सपाट रेघेवर एक टोकदार झटका उरतो. उठायला काही मायक्रोसेकंद, मग विरत जाणारी थरथर. सुरुवातीची धार इतकी स्पष्ट आहे की वेळ मोजता येते. मला तीच हवी होती.

साहेबांना रेकॉर्डिंग दाखवलं. सुई आणि चकतीचे इलेक्ट्रोड तेलात ठेवून खरी ठिणगी पाडायची परवानगी मिळाली आहे, टेस्ट रूमच्या कुंपणाच्या आत, दुसरा माणूस हजर असताना. त्यासाठी अशाच तीन चपट्या कॉइल लागतील. तेल पुढे गरम असणार, साधं अ‍ॅक्रिलेट कोटिंग ८५ अंशांच्या वर टिकत नाही, म्हणून पॉलिइमाइडचं फायबर बघतेय. दादा, तुमच्याकडे कुठे तुकडा पडलेला आहे का? ३० मीटर पुरे.

जॉइंटवाला | १७ डिसेंबर, सकाळी ८.०५

माझ्याकडे नाही ताई, पण ओझरला एक जण आहे, त्याला विचारतो. ते कोटिंग आपल्या स्ट्रिपरने निघत नाही, एवढं लक्षात ठेवा. जाळून नाहीतर अ‍ॅसिडने काढावं लागतं. मिळालं तर रविवारी मशीन घेऊन येतो. चकत्या तेवढ्या तयार ठेवा, आणि या वेळी कडा जरा घासून घ्या. मागच्या वेळी फायबर तिथेच खरचटत होतं.